परक्या भाषेतली नोकरी

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की मोबाइलवर श्रीदेवीचे फोटो फिरू लागतात. २०१८ साली २४ फेब्रुवारीच्या रात्री दुबईतल्या जुमेरा एमिरेट्स टॉवर्स हॉटेलात ती गेली. नवऱ्याच्या भाच्याचं लग्न रास अल खैमाला झालं होतं, पाहुणे पांगले होते, ती दुबईत मागे राहिली होती. वय ५४. पुढचे तीन दिवस आपल्याकडच्या वाहिन्यांनी जे केलं ते आठवलं तरी लाज वाटते. कुणी पडद्यावर बाथटबचं चित्र रंगवलं, एक बातमीदार तर खऱ्याखुऱ्या टबात आडवा होऊन प्रेक्षकांना समजावत होता.

त्या गदारोळातली एक बारीकशी गोष्ट माझ्या मनात अजून खुटखुटते. २६ तारखेला तिच्या मृत्यूचं कारण नोंदवलेला दुबईचा सरकारी कागद व्हॉट्सॲपवर आला. अपघातानं बुडून मृत्यू, असं कारण लिहिलेलं. पण 'ड्राउनिंग' या इंग्रजी शब्दात 'ओ'च्या जागी 'ए' पडला होता. झालं! बाई गेली हे बाजूला राहिलं आणि लोक स्पेलिंगला लागले. दुबईसारख्या शहरात सरकारी कागदावर अशी चूक होतेच कशी, म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे, इथपर्यंत तर्क गेले. काहींना नुसतं हसू आलं. यातल्या किती जणांनी 'इंग्लिश विंग्लिश' पाहताना डोळे पुसले असतील कोण जाणे.

अमिरातीत चार वर्षं काढलेला माणूस त्या कागदाला हसणार नाही. इथलं बहुतेक सरकारी काम टायपिंग सेंटरपासून सुरू होतं. करामा, देरा, शारजाचं रोला, कुठल्याही गल्लीत शिरा, झेरॉक्सच्या दुकानाएवढी ही दुकानं दिसतील. काउंटरमागे एखादा मल्याळी नाहीतर पेशावरचा पठाण. अर्ज अरबीत, आपला पासपोर्ट इंग्रजीत, बोलणं हिंदीत आणि त्या माणसाचं मनातलं गणित त्याच्या मायबोलीत. तरी काम फत्ते होतं. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पाटलांचे बातील होतात. गोडबोल्यांच्या 'ग'साठी कधी 'ज' बसतो, कधी घशातून काढायचा 'घ'. कुणी मनाला लावून घेत नाही. नाव जरा वाकडं झालं तरी माणूस तोच आहे, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी कुणीतरी घाईत एक अक्षर चुकवलं, एवढंच. कागदावरचं कारण शेवटपर्यंत तेच राहिलं आणि सरकारी वकिलांच्या खात्यानं २७ तारखेला प्रकरण बंद केलं.

श्रीदेवीला मात्र परक्या भाषेत काम करणं म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. वडील शिवकाशीकडचे वकील, तमिळ. आई तिरुपतीची, तेलुगू. घरात दोन भाषा होत्याच. चार वर्षांची असल्यापासून ती कॅमेऱ्यापुढे उभी होती. १९६९च्या 'तुणैवन' या तमिळ चित्रपटात तिनं बाळ मुरुगन केला, म्हणजे पहिल्यावहिल्या कामांतच मुलीला मुलगा व्हायचं होतं, तोही देव. १९७१ला केरळ सरकारचा उत्तम बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला तो 'पूम्पाट्टा' या मल्याळी चित्रपटासाठी. म्हणजे मोठं सरकारी कौतुक झालं तेव्हाही भाषा घरातली नव्हती. शाळेचा मात्र आनंदच. तेराव्या वर्षी के. बालचंदर यांच्या 'मून्द्रु मुडिचु'मध्ये ती नायिका झाली. समोर कमल हासन आणि रजनीकांत, आणि गोष्टीत ती रजनीकांतची सावत्र आई होते! आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला आई एकटीनं बाजारात पाठवायची नाही.

हिंदीत तिची कथा आणखी गमतीची आहे. 'ज्यूली'त (१९७५) ती नायिकेच्या धाकट्या बहिणीच्या छोट्या कामात दिसून गेली. नायिका म्हणून पहिला प्रयत्न १९७९चा 'सोलवां सावन', तो पडला. १९८३ला 'हिम्मतवाला' आला आणि सगळा देश तिच्या नावानं बोलू लागला. पण पडद्यावर बोलत होती ती नाझ. ही नाझ म्हणजे १९५४च्या 'बूट पॉलिश'मधली बेबी नाझ, स्वतः बालपण स्टुडिओत घालवलेली. एका बालकलाकार मुलीनं दुसरीला मोठेपणी आवाज उसना दिला. पुढे १९८६च्या 'आखरी रास्ता'साठी तिचा आवाज झाली रेखा. जेमिनी गणेशनची ही मुलगी, तीसुद्धा मद्रासहून येऊन हिंदी घोटून घोटून शिकलेली. श्रीदेवीचा स्वतःचा आवाज हिंदी प्रेक्षकांनी नीट ऐकला तो १९८९च्या 'चांदनी'त. तोवर 'नगीना' आणि 'मिस्टर इंडिया' होऊन गेले होते आणि ती पहिल्या नंबरची नटी झालेली होती.

आवाज दुसरीचा, भाषा तिसऱ्याची, मग हिचं स्वतःचं काय होतं? 'मिस्टर इंडिया'तला जुगाराच्या अड्ड्यावरचा प्रसंग पाहा. चार्ली चॅप्लिनची टोपी, मिशी, काठी घेऊन ती आत शिरते आणि पुढची काही मिनिटं बोलण्याची गरजच पडत नाही. चालताना पाय किती फेंगडे पडावेत, समोरच्याचा फासा हरल्यावर खांदा किती उडावा, भुवई कधी वर जावी आणि कधी तिनं थांबावं, हे मोजूनमापून केलेलं आहे, पण मोजमाप दिसत नाही. माझ्या मते तिच्या विनोदाचं मूळ या सवयीत आहे. वाक्याचा भरवसा नसलेल्या माणसाचे डोळे आणि हात जास्त बोलतात. कॅमेरा बंद झाला की ती गप्प, कोपऱ्यात बसलेली, असं तिच्याबरोबर काम केलेले अनेक जण सांगतात. काहींना तो शिष्टपणा वाटला. मला नाही वाटत. दिवसभर परक्या भाषेत ग्राहकांशी गोड बोलून आलेला माणूस संध्याकाळी लेबर कॅम्पच्या बाकावर असाच गप्प बसलेला असतो.

आणि आखाताचं तिचं नातं काही मृत्यूपासून सुरू झालेलं नाही. ऐंशीच्या दशकात रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत दुबईवाला सुट्टीवर आला की त्याच्या सामानात व्हीसीआर असे. दुबईच्या अल मन्सूर व्हिडिओच्या कॅसेटांवरून हिंदी चित्रपट घरोघर पोचत. थिएटर तालुक्याला, आणि तालुका तीन तासांवर. अशा गावांत ओटीवर टीव्ही मांडून, अख्ख्या वाडीला बोलावून, लाइट जायच्या आत 'नगीना' उरकायचा. मुलाला आखातात पाठवून मागे राहिलेल्या आया श्रीदेवीचे नागिणीचे डोळे बघत बसलेल्या असत. सांगायचं काय, दुबईनं तिला आपल्या घरात आणून सोडलं होतं.

१९९७च्या 'जुदाई'नंतर ती थांबली. संसार, दोन मुली. मध्ये २००४ला सहारा वाहिनीवर 'मालिनी अय्यर' नावाची विनोदी मालिका केली. पंजाबी घरात पडलेली दाक्षिणात्य सून, हा विषय. मालिका फारशी कुणाला आठवत नाही, पण विषय पाहा: पुन्हा परकं घर, परकी बोली.

मग पंधरा वर्षांच्या खंडानंतर २०१२मध्ये 'इंग्लिश विंग्लिश' आला आणि इथं ही बाई आपल्या मराठी माणसांची झाली. शशी गोडबोले, राहणार पुणे, उद्योग लाडू करून विकणं. दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याची. तिची आई घरी लोणच्यांचा धंदा करायची आणि इंग्रजी शाळेत आईनं मराठीत बोललेलं आपल्याला लहानपणी नकोसं व्हायचं, हे गौरीनं मुलाखतींतून उघड सांगितलेलं आहे. लोणच्याच्या जागी लाडू आले, एवढाच फरक. असा प्रामाणिक माफीनामा मराठी घरातून फारसा आलेला नाही, आणि तो वठवायला तिनं कुणी जोशी-कुलकर्णी न घेता तमिळ-तेलुगू बाई घेतली, हे तिचं शहाणपण.

शशीची सासू कोण, तर सुलभा देशपांडे! 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेबाई, 'आविष्कार' नाट्यसंस्थेच्या आधारस्तंभ. दोघी स्वयंपाकघरात एकत्र असतात तेव्हा मी गोष्ट विसरून नुसती त्यांच्याकडे बघते. एक रंगभूमीवर घडलेली, शब्दाच्या बळावर उभी राहिलेली. दुसरी शब्द हाताशी नसताना वाढलेली. तरी सासूसुनेचं ते घर खरं वाटतं. श्रीदेवीच्या हिंदीला दक्षिणेचा हेल आहे, गोडबोल्यांच्या घरात तो यायला नको, हे कुणी म्हणू शकेल. मी पुण्यातल्या चार बायकांबरोबर तो चित्रपट पाहिला आहे, एकीलाही तो खटकला नाही. पुणेकरांना उच्चार खटकला नाही, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नटीला काय हवं?

त्यातला नवरा वाईट माणूस नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो मारत नाही, ओरडत नाही. बायको 'जॅझ'ला 'झाझ' म्हणाली की हसतो, बस. मुलगी शाळेत आईला पालकसभेला न्यायला कचरते. घरातला हा हसण्याचा आवाज आपण सगळ्यांनी केलेला आहे. श्रीदेवी त्या वेळी रडत नाही, उत्तरही देत नाही. ती हसण्यात सामील होऊ पाहते आणि तिचं हसू अर्ध्यावर थांबतं. ते अर्धं हसू बघायचं, बाकी संवाद नाही ऐकले तरी चालतील.

न्यू यॉर्कला भाचीच्या लग्नासाठी गेल्यावर ती गुपचूप चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घालते. वर्गात पाकिस्तानी टॅक्सीवाला, मुलं सांभाळणारी मेक्सिकन बाई, इडलीची आठवण काढणारा तमिळ इंजिनिअर, फ्रेंच आचारी. मी तो वर्ग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला न्यू यॉर्क दिसलंच नाही. सकाळी शारजाहून दुबईला जाणारी बस दिसली. अमिरातीतल्या लोकसंख्येत स्थानिक नागरिक अगदी थोडे, बाकी आपण सगळे बाहेरून आलेले. फिलिपिन्सची नर्स, बांगलादेशचा सफाई कामगार, मिसरचा शिक्षक, मिरजेचा अकाउंटंट. या सगळ्यांना धरून ठेवणारी भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि त्याहून मोडकी हिंदी. कोणीच कुणाचं व्याकरण काढत नाही, कारण काढायला बसलं तर बस सुटेल. व्याकरण काढायची खोड घरी परतल्यावर जागी होते. आपलं पोर इथल्या ब्रिटिश शाळेत शिकून येतं आणि आजीच्या इंग्रजीवर खुदकन हसतं, आणि आपण त्याला रागवायच्या आधी स्वतःही हसून घेतो.

त्या चित्रपटातला खरा मोठा प्रसंग माझ्या लेखी शेवटचं भाषण नव्हे. तो आहे लाडवांचा. भाचीच्या लग्नाचे लाडू तिनं केलेले असतात, त्याच दिवशी इंग्रजीची परीक्षा असते, आणि धाकटा मुलगा मस्तीत सगळे लाडू सांडतो. बाहेरून मागवू, तू परीक्षेला जा, असं भाची विनवते. शशी मान हलवते आणि पुन्हा बेसन काढते. यात त्याग वगैरे मुळीच नाही. लाडू हे तिचं काम आहे, त्यात तिला कुणी हसू शकत नाही आणि ते दुसऱ्याच्या हातचं गेलेलं तिला चालणार नाही. लाडू वळताना तिचे हात न बघता चालतात. मुठीत घेतलेलं बेसन तळव्यावर फिरतं, अंगठा त्याला गोल देतो, लाडू ताटात पडतो आणि हात परत परातीत. चेहरा दगडासारखा. चार वर्षांची असल्यापासून कामावर असलेली बाई तिथं मला शशी गोडबोलेच्या आतून दिसते. वडील गेल्यावर थोड्याच दिवसांत लंडनला 'लम्हे'च्या सेटवर परत येऊन हीच श्रीदेवी विनोदी प्रसंग करत होती, ही गोष्ट तिच्या चाहत्यांना माहीत असते.

इथं एक तक्रार नोंदवते. एवढं सगळं झाल्यावर लग्नाच्या मांडवात इंग्रजीचे गुरुजी येऊन तिला विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र देतात. कशाला? परीक्षा हुकली ती हुकली. तिनं स्वतः निवड केली होती, तिच्यावर ते बक्षीस का लादायचं? अमिरातीत नोकरीला येणाऱ्याला प्रमाणपत्र म्हणजे काय ते विचारा. पुणे विद्यापीठाची पदवी आधी मंत्रालयात, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्यात, मग अमिरातीच्या दूतावासात फिरवून आणायची, मागची बाजू शिक्क्यांनी भरली की मग तिला किंमत. शशीला तो कागद कुणाला दाखवायचा होता? नवऱ्याला?

खऱ्या श्रीदेवीच्या वाट्याला शेवटी आलेले कागद वेगळेच होते. पोलिसांचा, सरकारी वकिलांचा, वाणिज्य दूतावासात रद्द केलेल्या पासपोर्टचा आणि मुहैस्नातल्या एम्बामिंग केंद्राचा. मुहैस्नाच्या त्या भागाला इथले कामगार सोनापूर म्हणतात. मुंबईत जन्म गेलेल्या मराठी माणसाला मरीन लाइन्सचं सोनापूर स्मशान आठवून जरा चमकल्यासारखं होतं. भारताचे तेव्हाचे राजदूत नवदीपसिंग सुरी वाहिन्यांना सांगत होते की अशा प्रकरणी दोन-तीन दिवस लागतातच, धीर धरा. ते खरंच होतं. इथं देह ठेवणाऱ्या प्रत्येकाची फाइल याच टेबलांवरून जाते. तिचा देह ताब्यात घेणाऱ्यांत अजमानला राहणारे केरळचे अश्रफ तामरशेरी होते. परक्या मुलखात गेलेल्या हजारो माणसांना त्यांनी पदरमोड करून घरी पाठवलंय, त्यासाठी २०१५ला प्रवासी भारतीय सन्मानही मिळाला. ती खासगी विमानानं मुंबईला गेली, बाकीचे नेहमीच्या विमानाच्या मालकक्षातून जातात. एअर इंडिया तेव्हा शवपेटीचं वजन करून पैसे लावायची. अश्रफ यांच्यासारख्यांनी त्यावर बरंच रान उठवलं आणि २०१९च्या जानेवारीत वजनकाटा जाऊन ठरावीक भाडं आलं. यूएईतून मोठ्या माणसाला १५०० दिरहम, बारा वर्षांखालच्या मुलाला ७५०.

आणखी एक कागद राहिला. एप्रिल २०१८मध्ये 'मॉम'साठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला जाहीर झाला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते 'मिस्टर इंडिया'चे दिग्दर्शक शेखर कपूर. ती गेली म्हणून देऊ नका, असं आपण सहकाऱ्यांना बजावत होतो, असं त्यांनीच सांगितलं. ३ मेला दिल्लीत नवऱ्यानं आणि मुलींनी तो घेतला. 'मॉम' तिच्या चांगल्या चित्रपटांतला नाही, असं माझं मत. 'इंग्लिश विंग्लिश'ला मिळाला असता तर जास्त शोभला असता, पण त्या वर्षी तो 'धग' या मराठी चित्रपटासाठी उषा जाधवला गेला, तेव्हा आपण मराठी लोकांनी कुरकुर कोणत्या तोंडानं करायची? खरं तर १९८२चा 'मून्द्राम पिरै', म्हणजे हिंदीतला 'सदमा', यासाठीच द्यायला हवा होता. कमल हासनला दिला, स्मृती हरवलेली ती मुलगी करणाऱ्या हिला नाही. पण त्या वर्षी समोर 'अर्थ'मधली शबाना आझमी होती, म्हणजे तिथंही भांडायची सोय नाही.